तुम्ही विचारलेत म्हणून: उपाध्यक्षांचे तिकीट कापतील का?

साताऱ्याहून माझ्या मेहुण्याचा फोन दर रविवारी येतो; माझी तेव्हा सकाळ असते आणि त्याची संध्याकाळ. अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीला वर्ष-दीड वर्ष उरले की पाऊसपाणी आणि उसाची तोड यांच्यापाठोपाठ त्याचा तिसरा प्रश्न ठरलेला असतो: "दाजी, या वेळी उपाध्यक्ष बदलणार म्हणतात, खरं का?" हाच प्रश्न न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींत गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत, हातात मसालेभाताची पत्रावळ घेऊन उभे असतानाही विचारला जातो. मी निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करतो, एवढ्या एका भांडवलावर लोकांनी मला या विषयातला जाणकार ठरवून टाकले आहे. प्रत्येकाला उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट बसून लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

उत्तर एका शब्दात हवे असेल तर ते "बहुधा नाही" असे आहे. परंतु हा प्रश्न वरवर उपाध्यक्षांविषयी असला तरी तो जवळजवळ नेहमीच अध्यक्षांविषयी असतो, असे माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठीच पुढचा सगळा प्रपंच.

आधी एक घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे उपराष्ट्रपतींना संसदेचे सदस्य निवडतात, त्यांचा कार्यकाळ सरकारच्या कार्यकाळाला बांधलेला नसतो, आणि त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर त्यांना बदलण्याची भाषा कोणी करत नाही. अमेरिकेत १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीनंतर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना स्वतंत्र मते पडू लागली आणि पुढे पक्षांनी ही दोन नावे जोडीने उभी करण्याची रीत पक्की केली. अध्यक्ष आपल्या मंत्र्याला सकाळी काढून संध्याकाळी दुसरा नेमू शकतो, पण उपाध्यक्षाला तो काढू शकत नाही, कारण तोही लोकांच्या मतांवर निवडून आलेला असतो. त्याला हटवायचे तर महाभियोगच हवा. म्हणून "बदलणे" याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की कार्यकाळ पुरा होऊ द्यायचा आणि पुढच्या निवडणुकीत सोबतीला दुसरा घ्यायचा. आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत सांगायचे तर तिकीट कापायचे.

ही जोडी किती घट्ट असते हे मला पहिल्यांदा मतदान केंद्रावर उमगले. आमच्याकडे सकाळी सहाला मतदान सुरू होते, त्यामुळे आम्ही पाचच्या सुमारासच हजर असतो. तेव्हाच्या जुन्या यंत्रावर एका मोठ्या पत्रकावर सगळ्या उमेदवारांची नावे मांडलेली असत आणि नावाशेजारी दाबले की हिरवी फुली उजळत असे. एक वयस्क बाई पडद्याआडून डोकावून मला विचारू लागल्या, की मला वरचे नाव हवे आहे, खालचे नको, तर फुली वरच्याच नावाला कशी द्यायची? मी त्यांना सांगितले, की दोन्ही नावांना मिळून एकच चौकट आहे. त्या क्षणभर थांबल्या, पडदा ओढून घेतला आणि थोड्या वेळाने मतदान झाल्याचा आवाज आला. त्यांनी काय केले हे मला माहीत नाही आणि माहीत असूही नये. पण खालचे नाव नको असणारे बहुतेक मतदार शेवटी वरच्या नावाकडे बघूनच बोट टेकवतात, हे निवडणूक लढवणाऱ्यांनाही पक्के ठाऊक असते.

मी या देशात आलो त्यानंतरची पहिली निवडणूक १९९२ ची. थोरले बुश अध्यक्ष होते आणि डॅन क्वेल उपाध्यक्ष. त्या वर्षीच्या जूनमध्ये आमच्यापासून फार लांब नसलेल्या ट्रेंटन शहरातल्या एका शाळेत क्वेल यांनी फळ्यावर 'पोटॅटो' हा शब्द बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शेवटी एक 'ई' वाढवायला लावले. शाळेने त्यांच्या हाती दिलेल्या कार्डावरच शब्द चुकीचा छापलेला होता, पण ते कोण लक्षात घेतो! दुसऱ्या दिवशी कचेरीत दुसरा विषय नव्हता आणि "आता यांना डच्चू मिळणार" असे प्रत्येक जण खात्रीने सांगत होता. क्वेल यांना डच्चू मिळाला नाही. अर्थव्यवस्था मंदावलेली होती, कर वाढवणार नाही हे वचन बुश यांनी मोडले होते, आणि नोव्हेंबरात मतदारांनी वरच्या नावासकट दोघांनाही घरी पाठवले. गंमत अशी, की क्वेल यांच्या जागी डिक चेनी यांना घ्या असा सल्ला वडिलांना देणाऱ्यांत धाकटे बुशही होते. तेच धाकटे बुश पुढे अध्यक्ष झाले, चेनींना उपाध्यक्ष केले, आणि २००४ च्या आधी चेनींनी स्वतःहून बाजूला होण्याची तयारी दाखवली तेव्हा काही आठवडे विचार करून त्यांनी चेनींनाच ठेवले.

"पण मग कधीच बदलले नाहीत का?" असा पुढचा प्रश्न येतो. बदलले आहेत. लिंकन यांनी हॅनिबल हॅम्लिन यांच्याबरोबर पहिली निवडणूक लढवली, तर १८६४ मध्ये सोबतीला अँड्र्यू जॉन्सन आले. नव्या कारकिर्दीला सहा आठवडे होतात न होतात तोच लिंकन यांची हत्या झाली आणि जॉन्सन अध्यक्ष झाले. परंतु मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती १९४४ ची हकीकत.

फ्रँकलिन रूझवेल्ट तेव्हा चौथ्यांदा उभे होते. त्यांनी १९४० मध्ये आधीचे उपाध्यक्ष जॉन गार्नर यांच्या जागी हेन्री वॉलेस यांना आणले होते. वॉलेस शेतीतले जाणकार, कामगारांचे आवडते, आणि पक्षाच्या जुन्याजाणत्या पुढाऱ्यांना अजिबात न रुचणारे. १९४४ च्या मार्चमध्ये तरुण हृदयविकारतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी रूझवेल्ट यांना तपासले तेव्हा हृदय निकामी होत चालल्याचे दिसून आले. जनतेला याचा पत्ता नव्हता, पण अध्यक्षांना जवळून पाहणाऱ्या पुढाऱ्यांना चेहरा वाचता येत होता. आपण आता उपाध्यक्ष नव्हे, पुढचा अध्यक्ष निवडत आहोत, हे त्यांनी ओळखले आणि बैठका बंद दाराआड सुरू झाल्या. रूझवेल्ट यांनी वॉलेस यांच्यासाठी एक पत्र लिहिले, की उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात मी प्रतिनिधी असतो तर माझे मत यांनाच दिले असते, मात्र अधिवेशनावर मला काही लादायचे नाही. दुसरे पत्र पक्षाध्यक्ष रॉबर्ट हॅनेगन यांच्या खिशात होते, आणि त्यात सेनेटर हॅरी ट्रूमन व न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांपैकी कोणीही चालेल असे म्हटले होते. ज्याला शिफारसपत्रांची भाषा कळते त्याला पहिल्या पत्राचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

जुलैच्या २० तारखेच्या रात्री शिकागोच्या सभागृहात वॉलेस यांच्या समर्थकांनी घोषणांनी छत दणाणून सोडले. ऑर्गनवर त्यांच्या आयोवा राज्याचे मक्याचे गाणे पुनःपुन्हा वाजू लागले. फ्लोरिडाचे सेनेटर क्लॉड पेपर वॉलेस यांचे नाव तिथल्या तिथे सुचवण्यासाठी गर्दीतून वाट काढत व्यासपीठाकडे निघाले, आणि ते काही पावलांवर असताना अध्यक्षस्थानावरून सभा तहकूब करण्याचा प्रस्ताव मतास टाकला गेला. "नाही, नाही" असा गजर झाला, तरी तो मंजूर झाल्याचे जाहीर करून सभागृह रिकामे करण्यात आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीत वॉलेस यांना ४२९.५ आणि ट्रूमन यांना ३१९.५ मते पडली. दुसऱ्या फेरीअखेर वारे असे फिरले, की ट्रूमन १०३१ वर आणि वॉलेस १०५ वर होते. रातोरात काय झाले असेल, याची कल्पना आपल्याकडचा एखादा साधा जिल्हा परिषद सदस्यही करू शकेल.

ऑगस्टमध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर ट्रूमन यांनी रूझवेल्ट यांच्याबरोबर जेवण घेतले. कॉफीत साय ओतताना अध्यक्षांचा हात एवढा थरथरत होता, की पेल्यापेक्षा बशीतच जास्त पडली, असे ट्रूमन यांनी नंतर आपल्या सहकाऱ्याला सांगितले. उपाध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर ८२ दिवसांनी, १२ एप्रिल १९४५ रोजी, ते अध्यक्ष झाले. अणुबॉम्बची तयारी चालू आहे, हे तोवर कोणी त्यांच्या कानावर घातलेले नव्हते.

आता या घटनेशेजारी १९५६ ठेवून पाहा. आयझेनहॉवर यांना आदल्या सप्टेंबरात डेन्व्हर येथे हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याकडे साऱ्या देशाचे डोळे लागले. आयझेनहॉवर यांनी निक्सन यांना सुचवून पाहिले, की तुम्ही मंत्रिमंडळात एखादे खाते घ्या, अनुभव येईल. निक्सन यांनी त्या सूचनेचा अर्थ बरोबर ओळखला आणि ती मानली नाही. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी न्यू हॅम्पशायर राज्यात झालेल्या प्राथमिक निवडणुकीत २२ हजारांहून अधिक मतदारांनी मतपत्रिकेवर त्यांचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले. आयझेनहॉवर यांचेच एक सहाय्यक हॅरॉल्ड स्टॅसन यांनी निक्सन हटवण्याची उघड मोहीम काढून मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर ख्रिश्चन हर्टर यांचे नाव पुढे केले, पण अधिवेशनात निक्सन यांचे नाव सुचवायला खुद्द हर्टरच उभे राहिले. बोभाटा झाला की उपाध्यक्षाचे चाहते जागे होतात, आणि त्याला काढणे म्हणजे आपण चार वर्षांपूर्वी चूक केली होती अशी कबुली अध्यक्षाने देणे ठरते. ही कबुली कोणाला द्यायची असते?

माझ्या या सिद्धान्ताला एक खणखणीत अपवाद आहे, आणि आमच्या मंडळातले एक निवृत्त अभियंते तो मला दर वेळी ऐकवतात. जेराल्ड फोर्ड यांचे उपाध्यक्ष नेल्सन रॉकफेलर यांच्याविरुद्ध पक्षातल्या उजव्या गटाने भरपूर बोभाटा केला, अध्यक्षपदाची उमेदवारी मागायला रोनाल्ड रेगन दाराशी येऊन उभे होते, आणि ३ नोव्हेंबर १९७५ रोजी रॉकफेलर यांनी आपण पुढच्या निवडणुकीत नसल्याचे जाहीर केले. म्हणायला स्वेच्छेने. त्यांच्या जागी बॉब डोल आले. फोर्ड मात्र कार्टर यांच्याकडून २४० विरुद्ध २९७ निर्वाचक मतांनी हरले; ही राज्याराज्याला ठरवून दिलेली मते असतात आणि त्यांच्याच बेरजेवर अध्यक्ष ठरतो. रॉकफेलर हे न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर, आणि न्यूयॉर्कची ४१ निर्वाचक मते कार्टर यांच्याकडे गेली. ती मिळाली असती तर फोर्ड निवडून आले असते. रॉकफेलर असते तर न्यूयॉर्क मिळालेच असते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु तो निर्णय आपल्या आयुष्यातल्या मोजक्या भ्याड कृत्यांपैकी एक होता, असे खुद्द फोर्ड नंतर म्हणाले. अभियंत्यांचा अपवाद मी मान्य करतो. त्यानंतर आलेल्या अध्यक्षांनी त्यातून घेतलेला धडाही मला दिसतो.

ओबामा यांच्या वेळी तर हिशेब मांडूनच पाहिला गेला. जो बायडन यांच्या जागी हिलरी क्लिंटन यांना घेतले तर काय होईल, याची चाचपणी प्रचारयंत्रणेने २०११ मध्ये मतदारांची मते घेऊन केली आणि म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. विषय तिथेच मिटला.

मग आली २०२३-२४ ची चर्चा, जिने मेहुण्याच्या फोनचे बिल वाढवले असते, जर आता फोनला बिल येत असते तर. अध्यक्ष बायडन यांच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना बदला, असे स्तंभलेखक लिहीत होते आणि प्रसादाच्या रांगेतही तेच चालले होते. त्यांची आई तमिळनाडूची, त्यामुळे आमच्याकडच्या वादाला एक घरगुती धारही होती. कोणी "आपली बाई" म्हणून बाजू घेई, तर कोणी त्याच कारणासाठी अधिकच कडक होई. मी प्रत्येकाला उलट विचारत असे: बायडन पन्नाशीचे असते तर हा प्रश्न तुम्ही विचारला असता का? बहुतेक जण गप्प बसत. ऐंशी ओलांडलेल्या अध्यक्षाला थेट "तुम्ही थांबा" म्हणणे अवघड, म्हणून सगळा रोख शेजारच्या खुर्चीवर होता. अखेर २१ जुलै २०२४ रोजी अध्यक्षच स्पर्धेबाहेर गेले आणि जिला काढा म्हणत होते तीच उमेदवार झाली. प्रचारसमिती दोघांच्या नावे नोंदलेली असल्यामुळे तिच्या तिजोरीतले ९ कोटींहून अधिक डॉलरही हॅरिस यांच्याकडे आले. दीड वर्ष ज्यांनी भाकिते केली त्यांच्यापैकी एकानेही मला हा क्रम आधी सांगितलेला नव्हता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मीही त्यांना सांगितलेला नव्हता.

मेहुण्याला मी गेल्या आठवड्यात सांगितले, की आता निदान तुझा हा प्रश्न मिटला. बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे ट्रम्प यांना तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही, त्यामुळे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांना त्यांच्या जोडीला ठेवायचे की नाही हा पेचच उरत नाही. फार तर व्हान्स स्वतः अध्यक्षपदासाठी उभे राहतील. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. अंगणात कुत्रे भुंकत असल्याचे ऐकू आले.

"बरं," तो म्हणाला, "मग त्यांचा उपाध्यक्ष कोण?"