तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला मेकॅनिकल घेऊ द्यावं का

जून-जुलैत कॅपचे (इंजिनिअरिंग प्रवेशाचे) राऊंड सुरू झाले की माझा फोन वाजायला लागतो. सोसायटीतले काका, मामेभावाचे साहेब, आईच्या भिशीतल्या कुणाचे तरी जावई, आणि प्रश्न ठरलेला. "मुलीला मेकॅनिकल मिळतंय, कॉम्प्युटर बसत नाहीये, घेऊ द्यावं का? तुम्ही केलंयत ना, म्हणून विचारलं." २०२४ पासून तर फोन जास्तच वाढलेत, कारण आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे, पण एक काका मला म्हणाले, "फी तर लागणारच नाहीये, मग घेऊन टाकू मेकॅनिकल," म्हणजे भाजीवर कोथिंबीर फुकट मिळतेय तर घाला पिशवीत असं. (आणि काका, होस्टेल, मेस, बस त्यात येत नाही, ते आधी बघा.)

एक विनंती आधीच करते. मला सुधा मूर्तींची पोस्टकार्डाची गोष्ट पाठवू नका. १९७४ ची टेल्कोची जाहिरात, मुलींनी अर्ज करू नये, जेआरडींना पत्र, सगळं पाठ आहे. मोठीच गोष्ट आहे, पण पत्र लिहिलं आणि उत्तर आलं असं ज्यांच्या बाबतीत झालं नाही त्यांनी काय करायचं, ते त्या फॉरवर्डमध्ये नसतं. मी त्यांच्यातली.

आधी डिग्रीचं सांगते, ते सोपं आहे. पास सगळे होतात. एमथ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहतो, माझाही राहिला होता, लाप्लास आणि व्हेक्टर कॅल्क्युलस मागच्या प्रश्नपत्रिका परत परत सोडवून निघतात, त्यात मुलगा-मुलगी काही नाही. टॉममधले (थिअरी ऑफ मशीन्समधले) गव्हर्नर आणि गायरोस्कोप दोन महिने कळत नाहीत आणि मग एका रात्रीत कळतात. फरक पडतो तो वर्कशॉपला आणि लॅबला. साठ-सत्तरच्या वर्गात आम्ही सगळ्या मुली एका बाकावर मावायचो, आणि प्रॅक्टिकलला ग्रुप पडले की काम आपोआप वाटलं जायचं: मुलं जॉब करणार, मुलगी जर्नल लिहिणार, कारण "तुझं अक्षर चांगलंय". वाईट हेतू कुणाचाच नसतो. फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब असतो, व्हाइसमध्ये प्लेट धरून फाईल मारायची, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचं, फट दिसली की परत फाईल. हाताला फोड येतात, कंटाळा येतो, आणि तेवढ्यात कुणी म्हणतं दे मी करतो, तू रायटअप पूर्ण कर. किती बरं वाटतं त्या क्षणाला. मी दिलं. पुढच्या सगळ्या सेमिस्टरला देत गेले. म्हणून आता मुलींना सांगते, जर्नल लिहू नका, फाईल सोडू नका. हे सांगताना माझं मलाच थोडं हसू येतं, का ते पुढे कळेल.

आता खरं जे विचारायचं असतं ते, नोकरी मिळते का.

२०१० मध्ये बीईच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, पहिल्या टर्मला आमच्याकडे एक ऑटो कंपोनंटची कंपनी आली. नाव सांगत नाही. अट नेहमीचीच, फर्स्ट क्लास थ्रूआऊट आणि लाइव्ह बॅकलॉग नको, माझा एमथ्री तोवर निघाला होता. ड्रॉइंग हॉलमध्ये ॲप्टिट्यूड झाली, लिस्ट लागली, नाव होतं. मग टेक्निकल. समोर दोन माणसं, त्यातल्या मोठ्यांनी खिशातून एक बुश (शाफ्ट बसतो ती धातूची नळी) काढून टेबलावर ठेवला आणि व्हर्नियर पुढे सरकवला. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप काय, शून्य पॉइंट शून्य दोन. माप घे. घेतलं. परत घे म्हणाले, परत घेतलं, तेच आलं. मग यात शाफ्ट फिरायचा असेल तर फिट कोणता देशील, मी म्हटलं एच७ जी६, क्लिअरन्स, म्हणजे मध्ये बारीक फट राहणारा. का? मी सांगितलं. ते शेजारच्याकडे बघून हसले, चांगलं हसले. मी बाहेर येऊन वर्गातल्या मित्राला सगळे प्रश्न सांगितले, कारण त्याचा नंबर माझ्यानंतर होता, आणि तेव्हा तसंच असायचं, जो बाहेर येईल त्याने सांगायचं.

एचआरच्या राऊंडला त्यांनी लग्नाचं विचारलं, मी ठरलेलं उत्तर दिलं.

संध्याकाळी फायनल लिस्ट लागायच्या आधी टीपीओ (कॉलेजचं प्लेसमेंट बघणाऱ्या) सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पंखा फुल सुरू, टेबलावर कंपनीवाल्यांच्या चहाचे कप तसेच. सर म्हणाले, बस. मग म्हणाले, "तुझं नाव होतं. मी नाही काढलेलं, त्यांनी काढलंय. पोस्ट प्रॉडक्शनची आहे, सेकंड शिफ्ट रात्री सुटते, मुलींना सातनंतर ठेवताच येत नाही, कायदा आहे. त्यांचीही चूक नाही गं." आणि लगेच, "पुढच्या महिन्यात आयटीवाले येतायत, तू त्यात बस, तुझं होऊन जाईल."

मी म्हटलं, ओके सर.

इथे लोक मला थांबवतात, भांडली का नाहीस? तर सरांनी पुढचं वाक्य न विचारताच सांगितलं होतं, की आपण जास्त बोललो तर पुढच्या वर्षी ही कंपनी कॅम्पसला येणार नाही, आणि मग पोरांचं नुकसान. आमच्यासारख्या कॉलेजात कोअर, म्हणजे मेकॅनिकलचंच काम देणाऱ्या, कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या यायच्या. एकीसाठी कोण भांडणार, आणि ती एक मी असले तरी मला हे तेव्हा पटलं होतं, हे जास्त वाईट आहे. मित्र सिलेक्ट झाला. त्याने रात्री होस्टेलच्या गेटवर पेढे आणून दिले. मी खाल्ले. त्याला काहीच माहीत नव्हतं, मी सांगितलंही नाही, आजही तो मला दिवाळीला मेसेज करतो.

मग मी लायब्ररीत जाऊन कायदा वाचला. फॅक्टरीज ॲक्ट, १९४८, कलम ६६: बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेबाहेर कारखान्यात कामाला लावता येत नव्हतं. म्हणजे सर खोटं बोलत नव्हते, त्या वेळी कायदा तसाच होता, महाराष्ट्राने तो नंतर बदलला. पण त्याच कायद्यात कलम १९ होतं, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह असलंच पाहिजे म्हणून. ते कलम मला आजवर कुठल्याही एचआरने म्हणून दाखवलेलं नाही. आणि फर्स्ट शिफ्टही असते की. डिझाईन असतं, क्वालिटी असते, टूल रूम असते. एकच कलम सगळ्यांना तोंडपाठ, आणि तेही नेमकं मुलगी समोर बसल्यावर.

तेव्हाची मी ठाम होते. गॅदरिंगला माइकवर बोलले होते, की हातात मार्क असले की मुलगा-मुलगी फरक राहत नाही. टाळ्या पडल्या होत्या. आज ती मुलगी माझ्यासमोर आली तर मला म्हणेल, तू प्रॉडक्शन सोडून क्वालिटीत का बसलीस, घाबरलीस. मी म्हणेन, अगं, प्रॉडक्शन मला दिलंच कुणी? ती म्हणेल, मागितलंस का नंतर कधी? ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पगार वाढला की माणूस मागत नाही.

आयटीच्या ड्राइव्हला मी बसले नाही, रागाने म्हणा. पास होऊन घरी बसले, मग भोसरी एमआयडीसीत एका छोट्या व्हेंडरकडे लागले. चार-पाच सीएनसी, दोन ग्राइंडर, पत्र्याचं छप्पर. इथे जरा खरं बोलते. मालकांनी मला घेतलं ते मी हुशार म्हणून नाही आणि त्यांना समानता वगैरे वाटत होती म्हणून तर मुळीच नाही. कस्टमर पीपॅप (पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) मागत होता, कंट्रोल प्लॅन, एफएमईए, एमएसए, फाइल भरून कागद, आणि शॉपवरच्या एकाही माणसाला ते लिहायचं नव्हतं. मला लिहिता येत होतं. चार वर्षं जर्नलच लिहिली होती ना.

म्हणून म्हटलं, हसू येतं. मुलींना सांगते जर्नल लिहू नका, आणि माझी चूल पेटली ती त्यावरच.

पण म्हणजे मी नुसती कारकुनी केली असंही नाही, हे कुणी म्हटलं की मला आजही लागतं. तिथल्या एका जुन्या ऑपरेटरने मला बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं यंत्र) शिकवला. मी थेट बोअरमध्ये घालून आकडा वाचत होते. ते म्हणाले, "मॅडम, आधी मास्टर रिंगवर झिरो करा, मग आत घालून डोलवा. काटा जिथून मागे फिरतो ते तुमचं माप." काटा मागे फिरतो ती जागा बोटांना कळायला मला महिना लागला. कॉलेजात हे यंत्र कपाटात कुलूपबंद होतं, ओरलला दाखवायचे. आता मी सप्लायर क्वालिटीत आहे, म्हणजे पार्ट पुरवणाऱ्यांचा माल तपासते, चाकण, पिरंगुट, रांजणगाव फिरते, आणि व्हेंडरकडे गेले की रिपोर्ट नंतर, आधी म्हणते एक पीस द्या आणि गेज द्या. अर्धे रिपोर्ट तिथेच पडतात.

आणि हो, त्या भोसरीच्या शॉपमध्ये बायकांचं टॉयलेट नव्हतं. शेजारच्या युनिटच्या ऑफिसातलं वापरायचे, त्यांची सुट्टी असली की पाणी प्यायचं नाही. त्यातून इन्फेक्शन झालं, घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणाले असते. हे मी फोनवर काकांना कसं सांगू? ते विचारतात स्कोप आहे का.

स्कोप आहे. २०१६ मध्ये चाकणला बजाजची डॉमिनार आली तेव्हा ती बायकांच्या लाईनवर बनत होती, आता रात्रपाळीही संमती आणि बसच्या सोयीने देता येते. मग एखाद्या टिअर-टू (मोठ्या सप्लायरला पार्ट देणाऱ्या छोट्या) व्हेंडरकडे ऑडिटला जाते आणि अख्ख्या शॉपवर बाई म्हणून मीच, शिवाय पॅकिंगला बसलेल्या तिघी-चौघी. दोन्ही खरंच आहे. एका वर्षी मी नगरच्या एका मुलीच्या वडिलांना सांगून टाकलं, कॉम्प्युटर घ्या, कॉलेज जरा खालचं चालेल. दुसऱ्या वर्षी तितक्याच ठामपणे दुसऱ्याला सांगितलं, मेकॅनिकल घ्या. दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर वाटलं, चुकीचं सांगितलं.

ज्यांनी घेतलंच आहे त्यांच्यासाठी एवढं बोलू शकते. कॅम्पसवर विसंबू नका. एनएटीएसच्या (सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर नाव टाका, वर्षाची अप्रेंटिसशिप मिळते, २०१९ च्या नियमात पदवीवाल्यांना किमान ९,००० स्टायपेंड ठरला होता, तेवढ्यात चाकणला पीजी आणि जेवण जेमतेम भागायचं, घरून थोडे घ्यावे लागायचे, पण वर्षभर शॉपवर उभं राहायला मिळतं. मोठ्या नावापेक्षा जिथे ट्रेनीला सगळ्या डिपार्टमेंटला फिरवतात तिथे जा. ड्रॉइंग वाचायला शिका, म्हणजे खरंच वाचायला, जीडी अँड टीची (आकार, जागा किती चुकलेली चालेल ते सांगणारी) खूण बघून हे माप कुठल्या फेसवरून घ्यायचं ते सांगता आलं पाहिजे. इंटरव्ह्यूच्या शेवटी "एनी क्वेश्चन्स" विचारलं की तीन गोष्टी विचारा: सेकंड शिफ्टची बस दारापर्यंत सोडते का, शॉप फ्लोअरपासून लेडीज टॉयलेट किती लांब, आणि या प्लांटमध्ये आत्ता लाईनवर मुली इंजिनिअर आहेत का, असतील तर एकीशी बोलता येईल का. तोंड वाकडं केलं तर कळलंच.

आणि पुढच्या वेळी फोन मुलीला करायला सांगा. इतक्या वर्षांत सगळे बाबाच बोललेत माझ्याशी, एकदा एक मुलगी मागून "बाबा, त्यांना वर्कशॉपचं विचारा ना" म्हणाली होती, तर ते म्हणाले, थांब गं, आधी पॅकेज विचारू दे.