तुम्ही विचारलंत म्हणून: मावळे सोडून हे परके शिपाई का?

दर दिवाळीत हा प्रश्न येतोच. फराळाला आलेलं कुणीतरी आतल्या खोलीत डोकावतं. तिथे सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर हिरवं कापड आणि कापडावर करंगळीच्या पेराएवढे दीड-दोनशे शिपाई. निम्म्यांच्या हातात स्वतःच्या तिप्पट उंचीचा भाला, उरलेल्यांच्या खांद्यावर बंदूक. "कुठले गं हे?" मी सांगते, जर्मनीतलं ल्युट्झेन नावाचं गाव, साल १६३२, एका बाजूला स्वीडनचा राजा आणि दुसऱ्या बाजूला जर्मन सम्राटाचा सेनापती. मग थोडं थांबून खरा प्रश्न येतो, "अगं, १६३२ म्हणजे महाराज पावणेतीन वर्षांचे. आपलाच काळ की! मग आपले मावळे सोडून परक्यांची लढाई कशाला?"

यंदा मावशींनी विचारलं. मी म्हटलं, "हा लढाईचा खेळ तिकडे जर्मनीत शिकले ना, म्हणून." त्यांनी मान डोलावली आणि चकली घेतली. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं हे त्यांनाही कळलं असावं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

नोकरीनिमित्त मी दोन वर्षं लायप्झिगला होते. हिवाळ्यात चारलाच अंधार पडायचा. ऑफिसातले एक वयस्क सहकारी एका शनिवारी म्हणाले, आमच्याकडे खेळायला ये. मला वाटलं पत्ते असतील. जाऊन बघते तर एका सभागृहात लांबच लांब टेबलं, त्यावर शेतं, झाडं, चर्च, आणि मोजपट्ट्या घेऊन उभी असलेली माझ्या वडिलांच्या वयाची माणसं. मला तर तिथे शिरल्या शिरल्या घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या वाड्यात दिवाळीचा किल्ला करायचा तो मान माझा असायचा. दगड-विटा रचून, पोती टाकून, वरून माती लिंपून. अळीव पेरून त्याचं हिरवं रान होईपर्यंत मी धीर धरायचे, मग कुंभारवाड्यातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर लावायचे. फरक एवढाच, की आमचे मावळे चार दिवस जागेवर उभे असायचे. इथले शिपाई चालत होते.

त्या सहकाऱ्यांनी पहिल्या दिवशी मला नियमांचं पुस्तक दिलंच नाही. माझ्या हातात दोन शिपाई ठेवले, एक भालाईत आणि एक बंदूकवाला, आणि म्हणाले, यातला एक काढून घेतला तर दुसरा मरतो. का, ते सांग.

ते समजायला मला तीन शनिवार लागले. त्या काळची बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली, धुमसत राहणारी दोरी. आपल्याकडे तिला जामगीही म्हणायचे. बार भरायचा तर आधी ती पेटती दोरी बाजूला धरायची, बंदुकीच्या कानात (बत्तीच्या भोकापाशी) बारीक दारू घालायची, नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, दोरी परत चिमट्यात अडकवायची, फुंकर मारून निखारा जागा करायचा, आणि मग नेम. या कवायतीची चित्रं १६०७ साली हॉलंडमध्ये छापली गेली, त्यात बंदुकीच्या एकेका हालचालीचं एकेक चित्र आहे. अशी चाळीसच्या वर चित्रं भरतात. सरावलेल्या माणसालाही एका बाराला साधारण मिनिट लागायचं. आणि बंदूक नेमकी लागते ती शंभर-एक पावलांच्या आत. तेवढं अंतर घोडा अर्ध्या मिनिटाच्या आतच तोडतो. म्हणजे एक बार उडाला, की दुसरा भरून होण्याआधी घोडेस्वार छातीवर.

तो कमी पडणारा वेळ भालाईत मिळवून देतो. सोळा-अठरा फुटी भाल्यांचं रान समोर दिसलं, की घोडा आत शिरत नाही. बंदूकवाले त्या भाल्यांच्या आडोशाला जातात, बार भरतात, पुन्हा बाहेर येतात. पण नुसतेच भालाईत असतील तर समोरच्या बंदुका त्यांना लांबूनच टिपत बसतात, आणि ते बिचारे हलूही शकत नाहीत. हा संसार साधारण १७०० सालापर्यंत चालला. मग नळीच्या तोंडावर बसणारी संगीन आली, बंदूकवालाच स्वतःचा भालाईत झाला आणि हे लांब भाले गेले. मला हा काळ आवडतो तो यामुळेच. यात एकटा कुणीच पुरा पडत नाही.

इंग्रजीत त्या भाल्याला पाइक म्हणतात. आजोबांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना आपला पाईक ऐकू आला, आणि ते तुकोबांच्या पाइकीच्या अभंगांबद्दल बोलायला लागले. धन्यासाठी जीव तळहातावर घेऊन उभा राहणारा पाईक. तुकोबाही त्याच शतकातले. मी आजोबांना थांबवलं नाही. टेबलावरच्या त्या माणसाला याहून नेमकं नाव मला आजही सापडलेलं नाही.

आता थोडं हाताच्या कामाबद्दल, कारण माझा निम्मा वेळ तिथेच जातो. माझे शिपाई पंधरा मिलिमीटरचे, एक मित्र थ्रीडी प्रिंटरवर काढून देतो. छापील भाले मात्र हात लागला की मोडतात. त्यावर उपाय आहे फरशी घासायच्या ब्रशाचा. त्याचे ताठ प्लास्टिकचे केस साडेपाच सेंटिमीटरवर कापायचे, टोक नेलकटरने तिरकं करायचं, शिपायाच्या मुठीत सुईने भोक पाडायचं आणि फेविक्विकच्या थेंबावर बसवायचं. वाकतो, पण मोडत नाही. जमिनीसाठी सुताराकडून लाकडाचा भुसा आणते, तो चाळून हिरव्या रंगात भिजवते आणि गच्चीत वाळवते. किल्ल्यासाठी आई असाच भुसा रंगवायची. चेहरे सगळ्यात शेवटी, ट्रिपल झीरोच्या, म्हणजे अगदी बारीक ब्रशने, श्वास रोखून. एक भुवई जरा वर गेली तरी माणूस बदलतो.

आणि आता ल्युट्झेन. लायप्झिगपासून वीस-एक किलोमीटरवर आहे. मी तिथे नोव्हेंबरातच गेले होते. सपाट शेतं, मधून गेलेला रस्ता, राजा पडला तिथे एक दगड आणि त्यावर लोखंडी छत्री. लढाई झाली आजच्या कॅलेंडरप्रमाणे १६ नोव्हेंबरला. स्वीडनमध्ये तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, म्हणून ते लोक ६ तारीख पाळतात. तिथी-तारखेचा घोळ आपल्याला काही नवा नाही.

सम्राटाचा सेनापती वॉलेनस्टाइन मोहीम संपली असं धरून बसला होता. त्याने पापेनहाइम नावाच्या सरदाराला मोठ्या फौजेसह हाले शहराकडे पाठवूनही दिलं होतं. आदल्या दिवशी कळलं, की स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ चालून येतोय. वॉलेनस्टाइनने घाईघाईने पत्र लिहिलं: हातातलं सगळं टाकून सैन्य आणि तोफांसह उद्या सकाळी माझ्यापाशी या. पापेनहाइम घोडदळ घेऊन रात्रभर दौडला, दुपारच्या सुमाराला पोचला, तडक हल्ल्यात शिरला आणि प्राणांतिक जखमी झाला. त्याचं पायदळ पोचलं तेव्हा अंधार पडला होता. ते पत्र त्याच्या अंगावर सापडलं. रक्ताने माखलेला तो कागद आज व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे.

आमच्या घरच्या खेळात ते पत्र आहे. भाची आठवीत आहे, वॉलेनस्टाइन नेहमी तीच होते. खेळाआधी तिने चिठ्ठी लिहून पाकिटात घालायची. पत्र कधी पोचलं ते फासा ठरवतो. शिवाय धुकं. त्या सकाळी दाट धुकं होतं, स्वीडिश सैन्याला हल्ला करायला अकरा वाजले. त्यात वॉलेनस्टाइनने गावाला आग लावून दिल्यामुळे धूर. म्हणून सुरुवातीला आम्हाला टेबलावर फक्त एक वीतभर दिसतं. त्यापलीकडे काय आहे ते समोरच्याने सांगायचं नाही. धुकं प्रत्येक डावाला एका फाशावर विरतं किंवा परत दाटतं.

गेल्या खेळात तिच्या चिठ्ठीत दोनच शब्द होते, "लवकर या." पत्र चौथ्या डावाला पोचलं. पापेनहाइम टेबलाच्या कडेला आला आणि तिने त्याला तसाच, घोड्यांना दम न देता, माझ्या उजव्या फळीवर घातला. फासा पडला, पापेनहाइम गेला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, 'या' लिहिलं. आल्यावर काय करायचं ते लिहिलंच नाही."

माझी चूक मात्र दर वेळी तीच असते. गुस्ताव्ह अडॉल्फ कसा मेला ते मला पाठ आहे. मधलं पायदळ मागे रेटलं जातंय हे कळल्यावर तो स्वीडनमधल्या स्मॉलंड प्रांताच्या घोडदळाबरोबर मदतीला धावला, धुक्या-धुरात आपल्या माणसांपासून तुटला आणि गोळ्या लागून पडला. त्याला लांबचं नीट दिसायचं नाही. जुन्या जखमेमुळे लोखंडी चिलखत सोसायचं नाही म्हणून अंगात फक्त जाड कातडी कोट. रिकामा घोडा धावताना दिसला तेव्हा लोकांना कळलं. वाचताना मला हा राजा उतावळा वाटायचा. टेबलावर मी ठरवून बसते, की राजा मागेच ठेवायचा. आणि मग पिवळी आणि निळी ब्रिगेड, माझे सगळ्यात जुने, मुरलेले पायदळ, मधोमध विरघळायला लागतात. त्या दिवशीही याच दोन ब्रिगेडींचं भयंकर नुकसान झालं होतं. राजा तिथे गेला तर ती माणसं टिकतील. मी पट्टी लावते, अंतर मोजते आणि राजाला पुढे सरकवते. सहा वेळा खेळले, पाच वेळा सरकवला.

२०११ साली त्या मैदानात पुरातत्त्वज्ञांना एक सामूहिक कबर सापडली. ४७ सैनिक. बऱ्याच जणांच्या हाडांवर गोळ्यांच्या खुणा होत्या. ते वाचलं त्या रात्री मी टेबलावरचे निळ्या ब्रिगेडचे शिपाई मोजले. अठ्ठेचाळीस निघाले. तोवर सगळ्यांना एकच चेहरा दिला होता, काम उरकावं म्हणून. पुढचे दोन महिने मी ते एकेक करून परत रंगवले. एकाला पांढरी दाढी, एकाला मिसरूडही नाही.

तर मावशी, आता तुमचा प्रश्न.

एक कारण जमिनीचं आहे. हे भाल्यांचे चौकोन सपाट शेतावर चालतात. सह्याद्रीच्या घाटात अठरा फुटी भाला आडवाही धरता येणार नाही. महाराजांनी शत्रूला लढायला बोलावलं ते जावळीच्या रानात, उंबरखिंडीत. १६६१ साली खोपोलीजवळ त्या खिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज पुढून-मागून कोंडली, दोन्ही अंगांच्या झाडीतून मारा सुरू झाला, खान शरण आला आणि खंडणी देऊन सुटला. युद्ध म्हणून हे अप्रतिम आहे. पण टेबलावर मांडायचं तर दुसऱ्या खेळाडूच्या हातात काही उरतच नाही, आणि ते उरू नये हीच तर महाराजांची योजना होती. ल्युट्झेन खेळल्यामुळे मला ती नीट दिसली. माझी फौज धुक्यात आंधळी होते आणि निरोप पोचत नाहीत, तेव्हा कळतं, की उंबरखिंडीत एका बाजूला सगळं दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, ही काय किमतीची गोष्ट आहे.

पण खरं कारण वेगळं आहे. खेळायचं तर दोन्ही बाजूंना हरता आलं पाहिजे. गुस्ताव्ह अडॉल्फला मी फाशाच्या स्वाधीन करू शकते. मला वाईट वाटतं, तरी करू शकते. महाराजांची छोटी मूर्ती त्या कापडावर ठेवायची, पट्टी लावायची आणि म्हणायचं, पाच किंवा सहा पडला तर वाचले? माझा हात उचलत नाही. तीनदा प्रयत्न केलाय. मित्राने मावळे छापून दिले, मी रंगवले, ढाली, कमरेचे शेले, सगळं मनासारखं झालं. ते काचेच्या कपाटात आहेत, त्यांच्यापुढे फासा पडलेला नाही. मला ते सोडायचे नाहीत, मावशी. त्यांना पणाला लावायचं नाही, एवढंच.

हे सगळं परवा भाचीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उंबरखिंडीत महाराज टेबलावर कशाला हवेत? ते वर डोंगरात आहेत, दिसतच नाहीत. तू मावळे घे, मी खान होते. मी जिंकायचं नाहीये, किती माणसं परत नेता येतात ते बघायचं." मग तिने विचारलं, खिंडीची रुंदी किती ठेवायची.

मी थर्माकोल आणलाय. कडे कापून झालेत, भुसा गच्चीत वाळतोय. तिला हो म्हटलेलं नाही अजून.