बाबांच्या डिस्चार्ज बुकातून राहून गेलेली नोंद

आज दुपारी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसचे पाकीट आले. आत एक छोटे पत्र आहे आणि त्याला जोडून दुरुस्तीच्या पार्ट टू ऑर्डरची, म्हणजे सैनिकाच्या नोंदी जाहीर करणाऱ्या लष्करी आदेशाची, साक्षांकित प्रत. त्या प्रतीवर बाबांचा सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव असून त्यापुढे ‘पूर्वी स्टार’ असे पदकाचे नाव आहे. ही नोंद बाबांच्या हयातीत व्हायला हवी होती, याची खंत आहेच. तरीही आईने ते पत्र दोनदा वाचून घेतले आणि देवघरापाशी नेऊन ठेवले. तेव्हा आपण योग्य तेच काम हाती घेतले होते, असे मला मनापासून वाटले.

बाबा १९६६ साली भरती झाले आणि १९८३ साली हवालदाराच्या हुद्द्यावरून पेन्शन घेऊन पूर्णगडला परतले. पलटणीचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणाकडे बोट दाखवण्यासाठी हे टिपण नाही. फौज सोडताना मिळालेल्या त्यांच्या डिस्चार्ज बुकात तीन पदके नोंदलेली होती: संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक. यांपैकी वर्धापनदिनाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्या सर्वांनाच मिळाले होते. संग्राम मेडलची कक्षाही मोठी आहे. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम, त्रिपुरा अशा ठरवून दिलेल्या प्रदेशांत ज्यांनी सेवा केली, त्यांना ते देण्यात आले. पूर्वी स्टार मात्र १९७१ च्या भारत-पाक युद्धात पूर्वेकडच्या रणक्षेत्रात असलेल्यांसाठी आहे, जसा पश्चिमेकडच्यांसाठी पश्चिमी स्टार. म्हणजे बाबांची कागदपत्रे वाचणाऱ्याला एवढेच कळत होते की युद्धाच्या वर्षी हा माणूस फौजेत होता आणि कोठेतरी सरहद्दीच्या राज्यात होता. तो ढाक्याच्या वाटेवर होता, हे त्या कागदांतून कोणालाही कळले नसते.

बाबा स्वतः युद्धाविषयी फार थोडे बोलत. मुचकुंदीच्या खाडीत तरीतून पलीकडे जाताना एकदा ते म्हणाले होते, “तिकडच्या नद्यांना पलीकडचा काठच दिसत नसे.” तिथल्या गावकऱ्यांनी स्वतःच्या होड्या दिल्या आणि रात्रीतून दारूगोळा पलीकडे नेला, एवढीच एक हकीकत ते सांगत. मेघना नदी ओलांडताना आपल्या फौजांनी हेलिकॉप्टरांबरोबर गावठी होड्याही वापरल्या होत्या, हे मी पुढे इतिहासात वाचले, आणि त्यांचे ते एक वाक्य माझ्या मनात नीट जागेवर बसले.

नोंद राहून गेली आहे हे लक्षात आणून दिले ते आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदार काकांनी. ओटीवर बाबांचा गणवेशातला फोटो आहे, रंगीत नाही, १९७५ नंतर केव्हातरी काढलेला. त्यात छातीवरच्या रिबनच्या पट्टीत चार रिबनी दिसतात, एका पदकाची एक. काका चष्मा पुसून फोटोजवळ गेले आणि म्हणाले, “बाय, बुकात तीन आहेत आणि छातीवर चार. डावीकडची पहिली कसली?” रिबनी लावण्याचा क्रम ठरलेला असतो आणि त्या क्रमात पूर्वी व पश्चिमी स्टार हे संग्राम मेडलच्या आधी येतात. बाबा शिस्तीचे होते. न मिळालेली रिबन त्यांनी कधीच लावली नसती. याचा अर्थ पलटणीत असताना त्यांना ती लावायला सांगितलेले होते आणि कागदावर मात्र ती चढली नव्हती.

फोटो पुरावा म्हणून चालत नाही, हे काकांनी त्याच वेळी सांगितले. मग माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. तिच्या झाकणावर बाबांचा नंबर पांढऱ्या रंगात अजून ठळक आहे. आत डांबराच्या गोळ्यांचा वास होता, पण आपल्याकडचा पावसाळा ट्रंकेतही शिरतो. कागदांच्या कडांना कसर लागली होती आणि काही आंतर्देशीय पत्रांची शाई ओलीने पसरली होती. त्यांतल्या डिसेंबर १९७१ च्या एका पत्रावर ‘मार्फत ९९ ए.पी.ओ.’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असा पत्ता स्पष्ट वाचता आला. ९९ म्हणजे कोलकात्याहून वाटली जाणारी फौजी टपाल, आणि ५६ म्हणजे दिल्लीहून जाणारी. एवढ्यावरून बाबा पूर्वेला होते हे नक्की झाले. परंतु ईशान्येकडच्या सगळ्याच पलटणींची टपाल ९९ वरून जात असल्यामुळे ते प्रत्यक्ष रणक्षेत्रात होते हे त्या पत्त्यावरून सिद्ध होत नव्हते. त्यासाठी पलटणीने त्या वेळी काढलेला पार्ट टू ऑर्डरच हवा होता. सैनिकाची बदली, बढती, लग्न, अपत्ये, पदके, सारे काही या ऑर्डरीतून जाहीर होते आणि तेथून त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, चढते. ऑर्डर नसेल तर घटना घडलेलीच नाही, असा तो कारभार आहे, आणि विचार केला तर त्यात गैर काही नाही.

अर्ज आईच्या नावाने केला, कारण कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळते. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाचा मसुदा तपासून मिळाला. तेथल्या लिपिकाने समजावून सांगितले की ‘पदक द्या’ असे लिहू नका. ‘नोंद तपासून दुरुस्त करा आणि संबंधित पार्ट टू ऑर्डर व शीट रोल यांच्या प्रती द्या’ असे लिहा. हा सल्ला फार मोलाचा ठरला. आमच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग बाबांच्या बुकात एक आणि आईच्या आधार कार्डावर दुसरे असल्याने नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्रही जोडावे लागले. कोकणातल्या माजी सैनिकांच्या घरी हे दुखणे जवळजवळ ठरलेलेच असते.

मधल्या काळात नातेवाईकांनी विचारले की यातून मिळणार काय. पैशांत पाहिले तर काही नाही. वीरचक्रासारख्या शौर्यपदकांना मासिक भत्ता असतो, मोहिमेच्या पदकाला तो नसतो. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे तिकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांचा पुतळा होणार नाही, ज्यांनी नेमून दिलेले काम करून दारूगोळा नदीपार नेला आणि जे पेन्शन घेऊन भातशेतीला लागले, त्यांच्यासाठी सरकारने दिलेली साक्ष म्हणजे हाच एक तारा आहे. ती साक्ष अपुरी राहता कामा नये, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

पहिले उत्तर ‘अभिलेखात नोंद आढळत नाही’ असे आले. आईच्या नावाने पुन्हा लिहिले आणि या वेळी पलटणीतल्या पदक मिळालेल्यांच्या यादीची प्रत मागितली. ती आली तेव्हा कारण उघड झाले. टाइप केलेल्या लांबलचक यादीची ती कार्बन प्रत होती, आणि तीत बाबांचे नाव बरोबर, हुद्दा बरोबर, फक्त सैनिक क्रमांकातला एक आठ सहा झाला होता. मी भिंग घेऊन पाहिले. इंग्रजी आठाच्या वरच्या फेराची उजवी बाजू कागदावर उमटलीच नव्हती. तो चुकलेला क्रमांक बाबांच्या शीट रोलशी जुळला नाही आणि नोंद तेथेच अडकली. त्याच सुमारास त्यांची पलटणीतून प्रशिक्षण केंद्रात बदली झालेली होती, त्यामुळे यादी पाहून ‘माझे काय?’ असे विचारायला ते तेथे नव्हते. पुढचा अर्ज या एका अंकापुरताच लिहिला, शीट रोलवरचा क्रमांक आणि यादीतला क्रमांक शेजारी शेजारी दाखवून. आजचे पाकीट हे त्याचे उत्तर.

संध्याकाळी सुभेदार काका येऊन पत्र पाहून गेले. त्यांनी वाडीतल्या आणखी एका घराविषयी विचारले. त्या घरचे आजोबा पेन्शन होण्याआधीच फौज सोडून आले होते, आणि अशा सैनिकांची कागदपत्रे पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात. त्यांच्या मुलाला घरातले मूळ डिस्चार्ज बुक जपायला आणि पावसाच्या आधी त्याची स्पष्ट प्रत काढून ठेवायला सांगणार आहे, कारण त्यांच्या बाबतीत आता तेवढाच कागद शिल्लक आहे.

आमचे अजून एक काम उरले आहे. नोंद झाली म्हणजे पदक हाती आले असे नाही. त्याची मागणी वेगळी करावी लागते. बाजारात प्रतिकृती सहज मिळते, पण आईला ती नको आहे. बाबांच्या संग्राम मेडलच्या कडेवर त्यांचा नंबर आणि नाव कोरलेले आहे, आणि हेही सरकारकडूनच यावे असा तिचा आग्रह आहे. मला तो पूर्ण मान्य आहे. अर्ज लिहून झाला आहे, आईची सही झाली आहे, ऑर्डरची प्रत जोडली आहे. सोमवारी रत्नागिरीला जाईन तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवीन.