तुम्ही विचारलंत म्हणून: साध्या कॅमेऱ्याने इतक्या जवळचे फोटो कसे येतात

मुंगीचा नाहीतर फुलाच्या आतल्या भागाचा फोटो कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला, कॅमेरा कुठला? खिशात मावणारा साधा डिजिटल, लेन्स बदलता येत नाही असा, हे सांगितलं की लगेच दुसरा, मग आमच्या तसल्याच कॅमेऱ्यातून सगळं धुरकट का येतं? तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून आज नीट बसून लिहिते.

धुरकट येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं आणि ते म्हणजे झूम. आपल्याला वाटतं छोटी गोष्ट मोठी दिसायला हवी तर झूम करावा, म्हणून पूर्ण झूम करतो आणि वर आणखी जवळ जातो, आणि नेमकं तिथेच बिघडतं. प्रत्येक लेन्सचं एक कमीत कमी अंतर असतं, त्याच्या अलीकडे फोकस होतच नाही. बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांत झूम अजिबात न करता मॅक्रो मोड लावला (अगदी जवळच्या फोटोंसाठीचा, तो फुलाच्या चित्राचा) तर हे अंतर १ ते ५ सेंटीमीटर इतकं कमी असतं, आणि पूर्ण झूम केला की तेच ३०-५० सेंटीमीटर, कधी त्याहूनही जास्त होतं. म्हणजे झूम सोडायचा आणि आपण पुढे सरकायचं. डिजिटल झूम तर मेनूत जाऊन बंदच करून टाका, तो फक्त फोटो कापून मोठा करतो, नवीन तपशील काही देत नाही.

मी नवीन कॅमेरा हातात आला की आधी पट्टी घेऊन बसते. टेबलावर मोजपट्टी, मॅक्रो मोड चालू, झूम शून्य, आणि बटण अर्धं दाबत दाबत जवळ जवळ जायचं. फोकसची चौकट हिरवी व्हायची थांबली की जरा मागे यायचं आणि फोटो काढायचा. त्या फोटोत पट्टीचे किती मिलिमीटर रुंदीला मावले ते मोजायचं. मग थोडा झूम करून परत तेच, कारण काही कॅमेऱ्यांत मधल्या एखाद्या झूमवर जास्त मोठं दिसतं आणि किड्यापासून लांबही राहता येतं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर आपला कॅमेरा कुठवर जाऊ शकतो हे हातालाच कळतं, बाहेर गेल्यावर चाचपडायला लागत नाही. मला कुणी एकच गोष्ट सांगा म्हणालं तर मी हीच सांगेन.

आता साध्या कॅमेऱ्याचा एक मोठा फायदा सांगते जो कुणी सांगत नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, लहान असतो, साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर, मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ बाय २४. सेन्सर लहान असला की तेवढीच चौकट धरून काढलेल्या फोटोत पुढून मागपर्यंत जास्त भाग स्पष्ट येतो. एफचा आकडा म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र किती उघडं ते, आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. आपल्या कॅमेऱ्यावर एफ २.८ ला जेवढं स्पष्ट येतं तेवढ्यासाठी फुल फ्रेमवाल्याला एफ १६ च्या आसपास जावं लागतं आणि मग त्याला उजेड कमी पडतो. त्यामुळे किड्याचं डोकं आणि पाय दोन्ही एका फोटोत मिळण्यात आपण उलट पुढेच आहोत. पण आपण एफ ८ वगैरेच्या मागे लागायचं नाही, एवढ्या लहान सेन्सरवर छिद्र फार बारीक केलं की प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो.

तरीसुद्धा अगदी जवळ गेल्यावर स्पष्ट पट्टा काही मिलिमीटरचाच राहतो, म्हणून फोकस कुठे पडतोय हे कॅमेऱ्यावर सोडून चालत नाही. तो नऊ चौकटींतून स्वतःच निवडतो आणि हमखास मागचं गवत पकडतो. मेनूत जाऊन फक्त मधली चौकट ठेवा. ती किड्याच्या डोळ्यावर आणा, बटण अर्धं दाबून फोकस धरा, आणि मग बटण न सोडता स्वतःच अगदी किंचित पुढे-मागे व्हा. डोळा लख्ख दिसला त्या क्षणी पूर्ण दाबा. डोळा स्पष्ट असला तर बाकीचं शरीर मऊ आलं तरी फोटो जिवंत वाटतो, डोळा गेला की फोटो गेला. फुलपाखराने पंख मिटलेले असतील तर कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर धरायची, म्हणजे पूर्ण पंख त्या बारीक पट्ट्यात बसतो.

हात हलणं आणि वारा, ही दोन दुखणी सगळ्यांनाच असतात. कोपरं गुडघ्यावर नाहीतर जमिनीवर टेकवा, किंवा धान्य भरलेली छोटी पिशवी घेऊन त्यावर कॅमेरा ठेवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागत नाही. वाऱ्यासाठी माझी एक युक्ती आहे जी मी जवळपास रोज वापरते: डाव्या हाताच्या दोन बोटांत फुलाचा देठ हलकेच धरायचा आणि त्याच हाताच्या मुठीवर कॅमेऱ्याचं पुढचं टोक टेकवायचं. मग वारा आला तर फूल, हात, कॅमेरा सगळं एकत्र हलतं, आणि एकत्र हललं की दोघांमधलं अंतर बदलत नाही, फोकस जागेवर राहतो. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं पण चार दिवसांत सवय होते.

उजेडाबद्दल खूप बोलता येईल. दुपारचं ऊन नको, एका बाजूला पांढरं फटफटीत आणि दुसऱ्या बाजूला काळं होतं. ढगाळ दिवस सगळ्यात उत्तम. ऊनच असेल तर फूल आणि सूर्य यांच्या मध्ये पातळ पांढरं कापड धरा, आणि सावलीच्या बाजूला एक पांढरा कागद, इतकाच फरक केला तरी फोटो बदलतो. जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली पडते, तेव्हा बाजूने उजेड येईल असे वळा. फ्लॅश मी शक्यतो लावत नाही, एवढ्या जवळून तो लेन्सच्या नळीला अडतो आणि फोटोच्या खालच्या भागात काळी सावली येते. अगदीच लावायचा तर त्यावर टिश्यू पेपरची घडी धरा. आणि पांढरी फुलं राखाडी येतात अशी तक्रार असते ना, तर कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं करायला बघतो म्हणून तसं होतं, एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, +०.७ किंवा +१ करा. भडक लाल फुलाला उलट, थोडं मायनस, नाहीतर पाकळीवरच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग उरतो.

दवाच्या थेंबावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला त्याचं फार वेड आहे. गवताच्या टोकाला लटकलेला थेंब हीच एक छोटी लेन्स असते. त्याच्या मागे काही सेंटीमीटरवर एखादं फूल असलं की थेंबात ते अख्खं फूल उलटं दिसतं, पाकळ्या मोजता येतील इतकं स्वच्छ. पण फोटोत बऱ्याचदा थेंबाची कडा स्पष्ट येते आणि आतलं फूल पुसट, कारण ती प्रतिमा थेंबाच्या आत नसते, थेंबाच्या किंचित पुढे, आपल्या बाजूला तयार होते. म्हणून थेंबावर फोकस धरल्यावर केसभर मागे यायचं. केसभरच. मला हे कळायला बऱ्याच सकाळी लागल्या.

सकाळ किड्यांसाठीही चांगली. त्यांचं शरीर बाहेरच्या हवेइतकंच गार असतं, ऊन लागून गरम होईपर्यंत चतुर, फुलपाखरं फार हलत नाहीत, अंगावर दव घेऊन तशीच बसलेली असतात. दिवसा गेलात तर चतुर उडाला म्हणून मागे धावू नका, तो पुष्कळदा फिरून त्याच काडीवर येतो, तिथेच बसून राहा. सावली अंगावर पडू देऊ नका, खालून आणि हळू जा. किडा शांत राहावा म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवून मग फोटो काढणारे लोक आहेत, कृपा करून ते करू नका. तो जीव आहे आणि आपण त्याच्या घरी गेलेलो असतो.

सुरुवात करायची तर मी उड्या मारणारा कोळी सुचवेन. भिंतीवर, कुंडीच्या कडेला सहज सापडतो, बोटाच्या नखापेक्षा लहान, आठ डोळे आणि त्यातले पुढचे मधले दोन मोठे. त्याची नजर इतकी चांगली असते की कॅमेरा जवळ नेला तर बऱ्याचदा तो पळण्याऐवजी वळून लेन्सकडेच बघतो, म्हणजे डोळ्यांवर फोकस आपोआप सोपा. मागच्या आठवड्यात एक असाच पानावर बसला होता, चाळीसेक फोटो काढले, त्यातल्या एकात दोन्ही डोळे लख्ख आले. कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला तर दोन्ही डोळ्यांत एकेक पांढरा चौकोन, मी उजेडासाठी धरलेला कागद. त्या गोल काळ्या डोळ्यात तो चौकोन मला खटकत राहिला, म्हणून आता कागद गोल कापून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलाय.