तैपेईतला सातवा आठवडा: दोन 'च' आणि चाळीसचा पेरू

मंडळी, मागच्या नोंदीनंतर बराच खंड पडला. मधले दिवस खोली शोधणं, बँक आणि ओळखपत्राच्या रांगा यांत गेले. आता कूथिंग मेट्रो स्थानकापासून आठ मिनिटांवर राहते आहे. आठवड्याला १५ तास मंदारिनचे (इथल्या चिनी भाषेचे) वर्ग, आणि घरचा अभ्यास रोज दोन तास.

स्थानकाच्या नावापासूनच सुरुवात करते. नकाशावरचं रोमन स्पेलिंग आपण 'गुटिंग' वाचतो; मेट्रोतल्या घोषणेत ऐकू येतं 'कूथिंग'. मंदारिनमध्ये ग-द-ब असे घोष वर्ण नाहीत. रोमनमध्ये जिथे बी, डी, जी दिसतात तिथे प, त, क म्हणायचं, आणि जिथे पी, टी, के दिसतात तिथे फ, थ, ख. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा फरक पकडायला वेळ लागतो. आपण तो बाराखडीतच शिकलेलो असतो. म्हणून मी वहीत रोमन लिहिणं बंद केलं आणि सगळं देवनागरीत उतरवलं. फ मात्र जपून म्हणा, दोन्ही ओठ मिटून, आजी 'फळ' म्हणायची तसा.

खरा आनंद 'च'ने दिला. मराठीत 'चोर'चा च वेगळा आणि 'चिमणी'चा वेगळा. शाळेत कुणी हे मुद्दाम शिकवलं नव्हतं, पण जीभ चुकत नाही. मंदारिनमध्ये हे दोन्ही आहेत, आणि निरोपाच्या एकाच शब्दात शेजारी-शेजारी येतात: 'चाय-च्येन'. पहिला च चोरातला, दुसरा चिमणीतला. वर्गात बाकीचे याच शब्दावर अडखळत होते. माझा उच्चार ऐकून शिक्षिकेने विचारलं, आधी कुठे शिकलीस? मी सांगितलं, आमच्या भाषेत आहेत हे. 'छत्री'तला छही तसाच चालतो. फक्त चोराच्या च-ला ह जोडून होणारा वर्ण आपल्याकडे नाही. तो मी तळहात तोंडासमोर धरून, हवा लागते का बघत बसवते आहे.

इथली मुलं रोमन नव्हे, 'पो-फो-मो-फो' नावाची ३७ खुणांची लिपी आधी शिकतात. १९१८ साली ती अधिकृत झाली, आणि तैवानमध्ये फोनवर टाइप करायलाही बहुतेक जण तीच वापरतात. तिची मांडणी पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं: ओठांचे वर्ण एकत्र, दातांजवळचे एकत्र, घशाकडचे एकत्र. आपली वर्णमाला कंठापासून ओठांकडे येते, ही ओठांपासून निघते. तैवानला येणार असाल तर ही लिपी टाळू नका; माझे नऊ दिवस गेले, पण ते सार्थकी लागले.

सूर मात्र अजून कच्चे. मंदारिनमध्ये आवाजाचा चढउतार, म्हणजे सूर, बदलला की शब्दाचा अर्थही बदलतो. कारण शिक्षिकेनेच दाखवून दिलं: वाक्य संपताना मी मराठीसारखा आवाज खाली सोडते, त्यामुळे शेवटचा शब्द चढत्या सुराचा असला तरी उतरता होतो. यावर रोजचा सराव सापडला तो मेट्रोच्या कार्डात. कार्डाचं नाव 'यो-यो-खा'. पहिलं अक्षर पहिल्या सुरात (सपाट, उंच), दुसरं दुसऱ्या (चढता), तिसरं तिसऱ्या (खालचा). फाटकावर कार्ड टेकवताना दर वेळी हळू आवाजात म्हणते.

आणि पेरू. चार म्हणजे 'स्' (उतरता), दहा म्हणजे 'श्' (चढता). चार-दहा म्हणजे चाळीस, दहा-चार म्हणजे चौदा. पण तैपेईत पुष्कळ लोक श-चा स करतात, त्यामुळे दोन्ही आकडे कानाला 'स्-स्'. बाजारात फळवाल्या काकूंनी किंमत सांगितली, मी १५ तैवानी डॉलर पुढे केले. त्यांनी मान हलवली, हात आधी खाली आणला, मग वर नेला आणि तसंच पुन्हा म्हणाल्या: उतरता, मग चढता. चाळीस! तोवर सूर म्हणजे व्यंजनांवर चढवायची एखादी मात्रा, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी कळलं की इथे व्यंजनं पुसली गेली तरी चालतं, सूर पुसून चालत नाही. पेरूबरोबर आलुबुखाराच्या आंबटगोड भुकटीची पुडी मिळाली. आपल्या तिखट-मिठाची आठवण झाली.

जेवणाचं शोधणाऱ्यांसाठी: पाटीवर स्वस्तिक (आपल्या उलट दिशेचं) दिसलं की ती बहुधा शाकाहारी खानावळ. तिथे बौद्ध रीतीने कांदा-लसूणही नसतो. आईला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे बारमाही चातुर्मास.

सगळ्यात जास्त बोलणं होतं ते कचऱ्याच्या गाडीपाशी. गाडी पियानोची धून वाजवत येते आणि कचरा आपणच हातात घेऊन थांबायचा. पालिकेच्या निळ्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, कारण २००० सालापासून शुल्क पिशवीवर आहे. तिथे शेजारच्या एक 'आमा', म्हणजे आजी, जवळजवळ रोज भेटतात. त्या मध्येच तैवानी होक्क्येनमध्ये (इथली मंदारिनहून वेगळी बोली) जातात, आणि तिथे 'ब' आहे! प, फ, ब तिन्ही. आमांच्या तोंडून तो ऐकला की कान टवकारतात.

हिशोब: २४० अक्षरं वाचता येतात, १५० हाताने लिहिता. पारंपरिक अक्षरं वेळ खातात. 'शिकणे'च्या अक्षराला इथे १६ रेघा, मुख्य भूमीवरच्या (म्हणजे चीनमधल्या) सोप्या रूपात आठ. मला १६ रेघांचंच आवडू लागलं आहे. टॉकफल या मंदारिनच्या परीक्षेची ए-२ (सुरुवातीची) पातळी वसंतात द्यायचा विचार आहे.

उद्या बुधवार, कचऱ्याची गाडी येत नाही. गुरुवारी आमांना त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेल्या मुळ्याच्या चकत्यांचं काय करतात ते विचारायचं आहे. वाक्य तयार आहे, शेवटचा शब्द चढत्या सुरात आहे, आणि सकाळपासून तेवढाच घोकते आहे.