अकरा प्लॉट

"सर, पास १६३, नापास ३८. आपले प्लॉट २१२ आहेत. अकरा कुठं गेले?"

दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाउसमधून ताईंचा फोन आला तेव्हा मी नाशकात कॉलेज रोडवर जेवायला बसलो होतो. ताई तिथली कागदपत्रं सांभाळतात. कॉम्प्युटरने यादी दिली तरी वहीत बेरीज जुळल्याशिवाय त्या पुढे जात नाहीत. माझ्या ऑफिसातल्या चार इंजिनिअरांपैकी एकालाही ही बेरीज करावीशी वाटली नव्हती. मलाही नाही.

लॅबच्या रिपोर्टवरून प्लॉट पास-नापास ठरवणारं ते सॉफ्टवेअर माझंच, २०१६ चं. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट या पोर्टलवर सरकारी नोंद होतेच, पण युरोपातली काही सुपरमार्केटं फवारणीच्या औषधांचे अंश कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशापर्यंतच चालवून घेतात, म्हणून पॅकहाउसला स्वतःचा वेगळा हिशेब लागतो. मॅनेजरसाहेबांची अट होती की लॅबचा रिपोर्ट एक्सेलमध्ये जसा आडवा येतो तसाच स्क्रीनवर दिसला पाहिजे. मी मान डोलावली आणि औषधागणिक एक कॉलम केला. सुरुवातीला साठ होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटपायी आपले कंटेनर युरोपात अडकले होते आणि ते औषध तेव्हा आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. तेव्हापासून ग्राहकांच्या याद्या लांबतच गेल्या. दर हंगामाला मी ऑल्टर टेबल मारून कॉलम वाढवायचो. २१४ झाले. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनात एका टेबलाला १०१७ कॉलम चालतात, त्यामुळे मशीनने कधी कुरकूर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

पास-नापास काढणारी क्वेरी म्हणजे शेपूट होतं नुसतं. प्रत्येक औषधाचा आकडा त्याच्या मर्यादेने भागायचा, २१४ भागाकार ग्रेटेस्ट या सगळ्यात मोठा आकडा काढणाऱ्या फंक्शनमध्ये कोंबायचे, सगळ्यात मोठा एक तृतीयांशाच्या आत असला की पास, वर गेला की नापास. ते हाताने कोण लिहिणार? एक्सेलमध्ये फॉर्म्युला लावून, कॉलमची नावं चिकटवून तयार केलं होतं. पण मायएसक्यूएलच्या ग्रेटेस्टला २१४ पैकी एक जरी नल, म्हणजे रिकामी जागा, मिळाला, तरी उत्तर नल. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच फंक्शन नल सोडून बाकीच्यांतला मोठा काढतं. आणि नल हा एक तृतीयांशाच्या आतही नाही आणि वरही नाही. अकरा प्लॉट त्या फटीतून पडले होते.

कारण समजलं तसा मी खूश झालो. हात धुतले, लॅपटॉप उघडला, सगळ्या कॉलमांना कोअॅलेस लावलं: रिकामं असेल तर शून्य धर. दहा मिनिटांचं काम. अकराच्या अकरा पास. "झालं ताई," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अकरांतल्या एका प्लॉटवर खुडा झाला. दहाच्या सुमाराला ताईंचा परत फोन.

"सर, हे अकरा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचे आहेत. ग्राहकाने यंदा सांगितलेली दोन औषधं त्यांनी तपासलेलीच नाहीत. तुमच्या यादीत तिथं शून्य दिसतंय."

मी गाडी काढली. म्हसरूळ सोडेपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं. कॉलम दशांशाचा, त्यात अक्षरं बसत नाहीत, म्हणून लॅबने 'बीएलक्यू', म्हणजे मोजता येण्याच्या पातळीखाली, असं लिहिलं की शून्य टाकायचं, हे मीच ठरवलं होतं. म्हणजे शून्याचा अर्थ 'मोजण्याइतकं सापडलं नाही' आणि रिकाम्याचा अर्थ 'तपासलंच नाही'. आणि काल मी एका झटक्यात दोन्ही एक करून टाकलं. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्या दोनपैकी एकाला तीच लागू होती.

पॅकहाउसच्या दारात ट्रॅक्टर उभा, क्रेट उतरवायचे थांबलेले. मॅनेजर म्हणाले, "अहो, शून्य म्हणजे शून्यच ना? कंटेनर रात्री न्हावा शेव्याला निघायचाय." ताई काही बोलल्या नाहीत. लॅबचा कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. त्यावर औषधांची छापील यादी होती, ती दोन नावं त्यात नव्हती.

मी माल घेऊ नका म्हटलं. बागायतदार नाना माझ्या वडिलांच्या वयाचे. "तुम्हीच पास केलाय ना काल?" एवढंच विचारलं त्यांनी. उरलेल्या दहा प्लॉटांचा खुडा थांबवून नमुने पुन्हा पाठवता आले. नानांचा माल मात्र झाडावरून उतरला होता आणि कोल्ड स्टोअरेजला जागा नव्हती. संध्याकाळी लोकल व्यापाऱ्याने लोकल भावात उचलला.

त्या रात्री मी टेबल मोडलं. मायएसक्यूएलला आडव्याचं उभं करायचा सोपा रस्ता नाही, त्यामुळे एकेक कॉलम काढून एकाखाली एक जोडायचा, २१४ वेळा युनियन ऑल, तेही एक्सेलमधूनच. आता एका ओळीत एक रिपोर्ट, एक औषध, एक आकडा आणि त्याची अवस्था: आकडा मिळाला, बीएलक्यू किंवा तपासलं नाही. औषधाचं नाव हाच डेटा होता आणि मी तो सात-आठ वर्षं कॉलमच्या डोक्यावर लिहीत बसलो होतो. नवीन औषध आलं की आता ताई स्वतःच एक ओळ वाढवतात. मॅनेजरसाहेबांना आडवंच हवं असतं, त्यांच्यासाठी वेगळा रिपोर्ट करून दिलाय.

नानांच्या राखून ठेवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट चौथ्या दिवशी आला. दोन्ही औषधं बीएलक्यू. माल घेतला असता तरी काही बिघडलं नसतं. भावातला फरक कोणी द्यायचा, हा विषय पॅकहाउसने काढला नाही आणि मीही काढला नाही. मी फक्त त्या कामाचं बिल लावलं नाही.