सगळ्या खुणा एकाच बाजूला

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं हत्यारं घडवायचं आणि त्यांना पाणी द्यायचं, म्हणजे तापवून-बुडवून कडक करायचं, छोटं वर्कशॉप आहे. परवा हुपरीहून एक मामा आले. आयुष्य चांदीची ताटं घडवण्यात गेलेलं. पिशवीतनं हातोडी आणि पत्र्याचा तुकडा काढून म्हणाले, "मिस्त्री, एवढी पॉलिश मारून द्या. माझा हात गेलाय, पोराच्या तरी उपयोगी पडंल."

पत्र्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या खाचा होत्या. त्यापायी शेठनं त्यांची मजुरी कापलेली आणि बारीक कामही काढून घेतलेलं.

मी तुकडा उजेडात तिरका धरला. सगळ्या कोरी एकाच बाजूला. हात थरथरत असता तर खुणा चहूकडं वळल्या असत्या. खोदून विचारल्यावर कळलं, जुना दांडा मोडला म्हणून शेठच्या पोरानं बाजारातला तयार दांडा ठोकला आणि हातोडीचं तोंडही ग्राइंडरवर सपाट करून दिलं. दांडा नेढ्यात, म्हणजे हातोडीच्या भोकात, वाकडा बसलेला, त्यामुळं प्रत्येक घावाला मामांकडची कड आधी टेकायची. त्यात ती कड धारदार. चांदी मऊ, हातोडीच्या तोंडावर जे असेल ते पत्र्यावर उमटणारच. वर कोपऱ्यावर निळी झाक! म्हणजे घासताना लोखंड ३०० अंशांपर्यंत तापून पाणी उतरलेलं. घासताना मधेमधे पाण्यात बुडवायचं, एवढंही या पोरांना कुणी शिकवत नाही. मायक्रॉनची मापं मात्र पाठ असतात.

दांडा काढून तोंडाला किंचित फुगवटा दिला. स्टीलपट्टी टेकवली तर दोन्ही कडांना उजेडाची बारीक रेघ दिसावी, इतकाच. जास्त झाला तर पत्र्यात खड्डे पडतात. कडा मारून गोल केल्या. मग भट्टीत लाल करून, लोहचुंबक धरेनासा झाल्यावर जरा वर नेऊन फक्त तोंड तेलात बुडवलं. नेढं कडक करायचं नसतं, तिथनं तडकतं. मागची ऊब पुढं सरकू दिली आणि घासलेल्या तोंडावर फिकट पिवळा रंग आला तशी पुन्हा बुडवली. तपकिरी येईपर्यंत थांबलं तर पॉलिश टिकत नाही. २२० पासून हजार नंबरच्या पेपरपर्यंत घासून बफ मारला. बाभळीचा सरळ रेषांचा दांडा घालून पाचर मारली.

मामांनी त्याच तुकड्याच्या कोऱ्या बाजूला ठोके दिले. एकाला एक लागून, सारख्या अंतरानं, एकही कोर नाही. असा हात गेला म्हणायची शेठची हिंमत तरी कशी झाली? आणि मामांनीही ते खरं मानलं, हे मला अजून पचत नाही. एवढा जाणता माणूस, पण हातोडीवर त्याला संशय आला नाही, स्वतःवर आला.

"शेठला तुकडा दाखवा, कापलेले पैसे मागा," मी म्हटलं.

"जाऊ द्या मिस्त्री, कामावर ठेवलंय हेच लई."

तुकडा मी ठेवून घेतलाय. शेठची हत्यारं माझ्याकडंच येतात. पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर ठेवणार.